दोन बोटं माया

कोपरीत, लालवाणींच्या इमारतीच्या जिन्याखाली
माझं मशीन मावतं, मी मावते,
गिऱ्हाईक उभं राहतं बाहेर, पायरीवर.
पाटीवर लिहिलंय : अल्टरेशन, फॉल-पिको, चेन बदलून मिळेल.
फाटलेलं असं फारसं येत नाही.

फाटेपर्यंत थांबतंय कोण.

येतात ते धडधाकट कपडे.
एक बटण गेलेलं, त्याच्या जोडीचं मिळेना म्हणून
अख्खा शर्ट मनातून उतरलेला.
सगळ्यांनी फोटोत पाहून झालेली साडी.
नोकरी सुटली त्या दिवशी अंगात होता तो कुर्ता,
धुऊन, इस्त्री करून,
"कुणाला तरी देऊन टाका, ताई."
का, ते मी विचारत नाही.
खिसे तेवढे तपासते.

मे महिन्यात देवयानी कारखानीस आल्या,
घोडबंदरहून, रिक्षा थांबवून ठेवून.
लिननचा वनपीस, राखाडी, ना फूल ना पान.
अकरा हजारांचा.
"ह्याची फॅशन कधी जातच नाही म्हणे,
आयुष्यभराचा आहे, असं सांगून दिला होता."
मी कापड उजेडाला धरलं.
खोटं नव्हतं. वीण घट्ट, टाका सरळ,
माझ्यामागेही टिकलं असतं.
"मग?"
"मुलगी झाली ना मध्ये," म्हणाल्या, आणि ओशाळं हसल्या,
जशी काही चूक त्यांचीच.

उसवून पाहिलं.
आत माया नव्हती.
शिवणीला लागून कापलेलं, वर ओव्हरलॉक,
सूतभर जागा सोडली नव्हती कुणी
बाईने बदलायला.
म्हटलं, बगलेत पट्टी लावते, वेगळ्या कापडाची.
"नको," म्हणाल्या, "मग तो तो राहणार नाही."
रिक्षावाला हॉर्न देत होता.

चेंदणीचे रघुवीर मास्तर, ज्यांच्या हाताखाली मी शिकले,
कात्री लावण्याआधी कापडावर बोटं ठेवायचे, दोन, आडवी.
"एवढी माया ठेव.
माणूस काय आज आहे तेवढाच राहतोय होय?"
गणवेशाला तर चार बोटं.
शिलाई मापाची मिळायची, मायेचे पैसे नाहीत.
कारखान्यात तीच दोन बोटं
लाख नगांनी गुणली
की केवढे तागे वाचतात!

मी तरी कुठे शहाणी.
कपाटात सहा ड्रेस आहेत, सेलमधले,
दोनांची लेबलंही काढलेली नाहीत.
आणि ही फळी बघा,
दुरुस्त करून ठेवलेले, कुणी न्यायला न आलेले,
चिठ्ठ्या टाचलेल्या, शाई उडालेली.
नीट केलं की माणूस परत येतोच,
असंही नाही.

पण परवा एक आले. प्रभुदेसाई.
पावती चार वर्षांपूर्वीची, पाकिटात घडी घालून.
"दुखणं लांबलं हो. पॅन्ट आहे का अजून?"
होती. तपकिरी, टेरिकॉट,
जिला कधी कुठली फॅशनच नव्हती.
तेव्हा कंबर आत घ्यायला दिलेली,
ते दर महिन्याला उतरत चालले होते तेव्हा.
आता पुन्हा भरलेत, उलट जास्तच.
मी आत घेतलं होतं, कापलं नव्हतं.
माझा टाका सोडला. पुरेना.
मग त्याआधीचा, जुना, हातचा,
कुण्या शिंप्याने घातलेला, कोण जाणे कुठल्या गावी,
तोही उसवला.

आतून निघाला गडद पट्टा,
पॅन्ट नवी होती त्या दिवसाचा रंग.
बाहेरच्याशी मुळीच जुळेना.

"हे दिसेल का हो?"
"दिसेल," म्हटलं.
ते मान वळवून, आरशात, मागून बघत राहिले बराच वेळ.
मग म्हणाले,
"असू दे. मी शर्ट बाहेरच सोडतो."